गाठ

मे महिन्यात पहाटे पाचलाही स्लॅब कोमटच असतो.
इंदोऱ्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर
माणसं पालथी-उताणी पडलेली.
त्यांच्या पायांमधून पाय उचलत मी कोपऱ्यात जाते,
पाण्याच्या टाकीशी
चादरीची चौघडी करून बसते.

श्वास येतो. श्वास जातो.
डाव्या नाकपुडीत जरासा गार.
मग कूलरचा पंप.
पंप बसवणाऱ्या तक्षकला द्यायचे दोनशे साठ.
मग मेयोतली कालची बाई,
तीनदा टोचूनही जिची शीर सापडली नाही,
जी म्हणाली, "राहू दे ना पोरी,
तुहाच हात थरथरून राहिला."
मग नवा रोस्टर. सलग चार नाइट.
मग कळतं,
श्वास आपला येत-जात होता,
घरी मीच नव्हते.

शिबिरात दहा दिवस सांगत होते, नुसतं पाहा.
मी पाहते, आणि पाहता पाहता स्वतःवर चिडते.
चिडलेलीला कोण पाहतं,
ते विचारायचं राहूनच गेलं.
तिथं बोलायला बंदी होती.

बाबा उठतात. चूळ भरतात.
त्यांना ऐकू येत नाही.
तेवीस वर्षं लूमखात्यात काढली, कान तिथंच राहिले.
मिल पडली, तेव्हा विटांबरोबर तेही गेले असतील.
एकदा मी वहीवर लिहून विचारलं होतं,
एवढ्या खडखडाटात तुमचं मन लागायचं?
ते बोलले गल्लीभर ऐकू जाईल असं,
"मन कायले लावा लागते वं?
धागा तुटे. गाठ मारो.
अजून तुटे. अजून मारो.
धाग्यावर राग काढून कोनाचं कापड झालं का?"

आणि कान गेल्यावर कसं कळायचं, तुटला ते?
त्यांनी चप्पल काढली,
फरशीवर तळवा टेकवला,
आणि माझ्याकडे पाहत राहिले,
जणू मलाही ऐकू जाईल.

खिडकी नंबर अकरा. सकाळची रांग जिन्यापर्यंत.
मूठ आवळा. श्वास घ्या. सोडा.
दिवसातून दीडशेदा म्हणते मी हे,
लोकांना.
आज कामठीचे एक म्हातारे विडीवाले,
शीर बोटाखालून निसटते,
लहान मूल चादरीखाली लपतं तशी.
सुई चुकते.
मागून कोणीतरी ओरडतं, "मॅडम, लवकर करा ना!"
मी पट्ट्याची गाठ सोडते.
दंडावर पांढरा वळ उठलेला, हळूहळू लाल होतो.
तो लाल होईपर्यंत मी तिथं असते.
एवढंच. फार वेळ नाही.
मग दुसऱ्या हाताला गाठ मारते.
चपलेतून पाय कधी काढला होता,
ते घरी जाताना, मेट्रोत लक्षात येतं.

पौर्णिमेला विहारात वंदना असते.
बाबा पुढच्या सतरंजीवर बसतात, पांढरा सदरा घालून.
छप्पनच्या ऑक्टोबरात ते दोन वर्षांचे होते,
त्यांच्या बापाच्या खांद्यावर.
काही आठवत नाही म्हणतात,
नुसतं पांढरं आठवतं, नजर जाईल तिथवर.

ते इतरांचे ओठ पाहून म्हणतात
आणि त्यामुळे अर्ध्या ओळीनं मागे राहतात.
सगळ्यांचं गच्छामि संपतं,
बाबांचं अजून चाललेलं असतं,
मोठ्यानं, जरा बेसूर,
छताच्या पंख्याच्याही वर.
कोणी हसत नाही.
मेश्रामकाकू डोळे मिटूनच थांबतात.
पुढच्या ओळीला कोणी हात घालत नाही.

मग कोणीतरी खोकतं,
आणि सगळे पुन्हा सुरू करतात.